मतलब तोच होता

पिंपरी पेंढार,
शुक्रवार, दुपार

प्रिय तेजू,

पाकीट पाहून घाबरू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, फक्त संतापाच्या भरात लिहितोय, म्हणून अक्षर असं आहे. रहमतुल्ला हे पत्र घेऊन मुद्दाम संगमनेरला येतोय. त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस. "मी खाऊन आलोय" म्हणेल, ऐकू नकोस, त्याच्या रुक्सानानं त्याला चहाबरोबर दोन खारी देऊन वाटेला लावलं असेल. आणि हे पत्र आधी तू एकटी वाच. जावईबापूंना दाखवायचं तर नंतर दाखव. तू वाचायच्या आधी कुणी वाचून "बाबांचं म्हणणं असं असं आहे" असं तुला सांगायला नको. त्या प्रकाराचाच मला वीट आला आहे.

सोमवारी तू जुन्नरच्या निबंधक कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करायला येणार आहेस, एवढं मला कळवण्यात आलं. तुझ्या आईच्या नावावरची विहिरीकडची जमीन तिच्यामागं आपल्या तिघांच्या नावावर लागली, आणि आता तू तुझा हिस्सा आदेशला सोडून देणार. आपल्याकडं बहिणी हिस्सा सोडतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. सही झाली की साडीचोळी करतात, गोडाचं जेवण घालतात आणि संध्याकाळच्या एस्टीत बसवून देतात. आदेशनं साडी आणूनही ठेवली आहे. मोरपंखी आहे, काठ बरे आहेत. कालपर्यंत कपाट उघडलं की ती माझ्याकडं बघायची आणि माझं डोकं फिरायचं. मला सांगितलं गेलं, "ताई म्हणाली, बाबा म्हणतील तसं." मी ते तसंच धरून चाललो होतो. तुझी खुशी असेल तर मी कोण मोडता घालणारा, असं म्हणून गप्प बसलो होतो.

मग परवा रहमतुल्ला आला. आला तो दारातच उभा राहिला, बसेना. म्हणाला, "हौशीराम, तुझ्या हाताखाली इतकी वर्षं काढली, तुला कधी उलटं बोललो नाही. आज बोलतो. पोरीला असं सांगतात व्हय रे?" मी म्हटलं, काय सांगितलं? तेव्हा कळलं की तू पुण्याहून परत जाताना आळेफाट्याला गाडी बदलायला उतरलीस आणि तुमची दोघांची गाठ पडली. आळेफाट्यापर्यंत येऊन तू घरी आली नाहीस, हेच आधी मला लागलं. मग त्यानं पुढचं सांगितलं. तू म्हणालीस, "चाचा, मला जमीन नको होती हो. पण 'तिचं आता इथं काय आहे' असं बाबा म्हणाले म्हणे. तेवढं ऐकल्यावर सही करायला हात जड झाला." तेजू, ते वाक्य ऐकून मी ओट्यावरून उठलो तो परत बसताच येईना. ते वाक्य माझं नाही. माझ्या जिभेला ते कधी लागलेलं नाही.

तू विचारशील, मग लगेच फोन का नाही केला. केला. रहमतुल्लाच्याच मोबाइलवरून केला. "बाबा… काय… ऐकू… नंतर…" असे चार तुकडे आले आणि मधली जागा नुसती खरखरीची. त्यात माझं श्रवणयंत्र मोबाइल जवळ आला की शिट्टी मारतं. असल्या गोष्टी तुकड्यांनी बोलायच्या नसतात, एखादा तुकडा वाटेत पडला तर उरलेल्यातून भलतंच उभं राहतं. आपला घरचा जुना फोन होता तोवर ही वेळ नव्हती. रस्ता रुंद केला तेव्हा तार उपटली, एक्स्चेंजच्या खोलीला कुलूप लागलं, आणि तेव्हापासून तुझं-माझं सगळं बोलणं आदेशच्या खिशातून जातं. तू त्याला सांगतेस, तो मला सांगतो. मी त्याला सांगतो, तो तुला. मीही इतके दिवस हे चालवून घेतलं, कारण पोरगा कामाचा आहे, जेवणखाण बघतो, गोळ्या वेळेवर देतो. पण गोळ्या देणं वेगळं आणि माझ्या तोंडात वाक्यं देणं वेगळं.

आता मी तुला टेलिफोन खात्यातली एक जुनी गोष्ट सांगणार आहे. तू मनात म्हणशील, बाबांचं सुरू झालं. होऊ दे. "मुद्द्यावर या" म्हणणारा आत्ता कांद्याच्या चाळीत आहे.

माझी मंचरला बदली होती आणि तू पुण्याला वसतिगृहात होतीस, तेव्हाची ही गोष्ट. महाळुंगे पडवळचे गेणभाऊ द्राक्षं परदेशी पाठवायला लागले होते आणि त्यांनी शीतगृहात आयएसडीएनची लाइन घेतली होती. त्या नावाचा त्या वेळी भारी दरारा. साध्या फोनच्या तारेवर कॉम्प्युटर जोडला तर मधली पेटी आकड्यांच्या शिट्या करायची, त्या शिट्या आवाज म्हणून तारेतून जायच्या आणि पलीकडची पेटी शिट्यांचे पुन्हा आकडे करायची. या लाइनवर ती नाटकं नव्हती. आकडे आकडे म्हणूनच निघायचे आणि आकडे म्हणूनच पोचायचे. बरं, ही वाट काही कायमची बांधलेली नव्हती. नंबर फिरवला की जुळायची, काम झालं की सुटायची. तुला पाटाच्या पाण्याची पाळी आठवते ना? आपली पाळी आली की पाटकरी वरपासून एकेक दार उघडत यायचा, आणि मग आपली वेळ संपेपर्यंत ते पाणी आपलंच. तुझी आई बांधावर टेकून घटकाभर डोळे मिटायची तरी पाणी दुसऱ्याच्या वावरात जायचं नाही. तसंच हे.

त्या एका तारेत तीन वाटा असत. दोन रुंद, माल नेण्यासाठी, आणि एक अरुंद, नुसती बोलणी करण्यासाठी. नंबर फिरवला की आधी त्या अरुंद वाटेनं निरोप जायचा, की मला अमक्याकडं जायचंय आणि माझ्याजवळ अमक्या जातीचा माल आहे. मंचरचं यंत्र ते पुण्याला कळवायचं, पुणे मुंबईला, मुंबई समुद्रापलीकडं. ज्या ज्या ठिकाणी निरोप पोचायचा तिथं एक जागा राखली जायची. शेवटच्या यंत्रानं "घेतो" म्हटलं की इथपासून तिथपर्यंत सगळी दारं एका ओळीत उघडायची. मग ती वाट त्या दोघांची. ते बोलोत की गप्प बसोत, एकानं फोन ठेवेपर्यंत तिसऱ्याचा पाय त्यात पडायचा नाही. मला त्या गोष्टीचं फार अप्रूप वाटायचं. रात्रपाळी नसली तरी मी उगाच एक्स्चेंजमधल्या यंत्रांच्या कपाटांसमोर उभा राहायचो, दिवे लागायचे, विझायचे, आणि वाटायचं की कुणीतरी कुणासाठी इथून वाट काढली आणि आता मिटवली. रहमतुल्ला म्हणायचा, "साहेब कविता करायला लागले, आता बिघाड मीच बघतो." हल्लीचं बोलणं म्हणजे नारायणगावच्या बाजारातले टोमॅटोचे क्रेट. कुणाचाही क्रेट कुठल्याही टेम्पोत, जसा जागा मिळेल तसा, आणि वाशीला गेल्यावर कुठला कुणाचा ते जुळवत बसायचं. पोचतो माल, नाही असं नाही. पण एखादा क्रेट मागं राहिला तर त्याच्यासाठी कुणी थांबत नाही.

तर गेणभाऊंची तक्रार अशी की मुंबईच्या दलालाला कागद नीट जातात, पण हॉलंडला पाठवले की फुटलेले पोचतात. द्राक्षांच्या तपासणीचे ते कागद, ते नीट पोचले नाहीत तर पेट्या बंदरावर अडकायच्या. गेणभाऊ रोज फटफटीवर मंचरला यायचे आणि रहमतुल्लाच्या टेबलावर टोपी ठेवायचे. "रहमतभाऊ, राव, माझे कागद हितून नवरदेवावानी निघत्यात आन् तिकडं जत्रंत हरवलेल्या पोरावानी सापडत्यात. काय तरी करा." आम्ही तार बघितली, जोड बघितले, पेटी बदलली. काही नाही. शेवटी पुण्याहून एक इंजिनिअर बाई आल्या. शांत बाई, चष्मा डोक्यावर. त्यांनी गेणभाऊंच्या कॉम्प्युटरवरचं एक पान उघडलं आणि म्हणाल्या, हे कुणी भरलं? कॉम्प्युटर बसवायला आलेल्या माणसानं, टेलिफोनची लाइन आहे म्हणजे आवाजच असणार असं समजून, कॉलच्या प्रकारात 'आवाज' असं भरून ठेवलं होतं. त्या अरुंद वाटेनं पुढं निरोप जायचा, तो असा की मी माणसाचं बोलणं आणतोय.

बाईंनी मग जे समजावलं ते मी अजून विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, बोलणं म्हटलं की लांबच्या वाटेवरची यंत्रं त्याला मदत करायला धावतात. प्रतिध्वनी पुसतात. बोलणं दाबून लहान करतात, म्हणजे एकाच वाटेत अनेकांची मावतील. आणि तुम्ही बोलता बोलता थांबलात तर ती शांतता कापतात आणि तेवढ्या जागेत दुसऱ्या कुणाचं बोलणं बसवतात. माणसाच्या कानाला ते कळत नाही, उलट स्वच्छ ऐकू येतं. आकड्यांचं मात्र वाटोळं होतं, कारण आकड्यांत फालतू काही नसतंच. म्हणून कॉल लावतानाच सांगायचं की हा डेटा आहे. तसं सांगितलं की मधल्या कुणीही सुधारणा करायची नाही, जसं आलं तसं पुढं द्यायचं, हा नियम. बाईंनी तो एक रकाना बदलला, पुन्हा नंबर फिरवला, आणि तासाभरानं हॉलंडहून फोन आला की कागद मिळाले. गेणभाऊंनी तेव्हा आम्हाला द्राक्षांची पेटी दिली, ती तुझ्या आईनं सगळ्या आळीत वाटून टाकली.

परवापासून मला ती बाई सारखी आठवते आहे. आपल्या घरात तसलंच यंत्र बसलं आहे, तेजू. चांगल्या मनानं मदत करणारं. मी काल सकाळी आदेशला चाळीतच गाठलं. भिका आणि लंकाबाई कांदा निवडत होती, त्यांच्यासमोरच विचारलं, मागं-पुढं बघितलं नाही. म्हटलं, "तिचं इथं काय आहे, असं मी कधी म्हणालो?" तो गोणी शिवता शिवता म्हणाला, "तसं शबुद न्हाई, पर मतलब तोच व्हता. तुमी अर्धा अर्धा घंटा बोलता बाबा. त्यातलं कामाचं तेवढं मी ताईला सांगितलं." मी म्हटलं, आणि ताईचं? तर म्हणतो, "तिनं बी लई सांगितलं. आईचं, विहिरीचं. मधीच रडली. शेवटाला म्हणली, बाबा म्हणतील तसं. मी शेवटाचं सांगितलं. तुमाला बीपी हाय, रडल्याचं कशाला सांगू?" लंकाबाई खाली मान घालून म्हणाली, "भाऊ, रडल्यालं तर सांगायचं व्हतं." तिला कळलं ते या शहाण्याला कळलं नाही.

बघ म्हणजे कसं झालं. तू रडलीस ते कापलं. मी बोलता बोलता थांबलो असेन ते कापलं. तुझ्या शांततेच्या जागी "बाबा म्हणतील तसं" बसवलं आणि माझ्या अर्ध्या तासाच्या जागी "तिचं इथं काय" बसवलं. दोघांनाही स्वच्छ ऐकू आलं. तो सरळ खोटं बोलला असता तर मी त्याला चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो, पण हा म्हणतो मतलब तोच. हे दोन शब्द ऐकले की मला आजही आमचे चौथीचे गुरुजी दिसतात. ते कविता पाठ करून घ्यायचे ती हात मागं बांधून, खिडकीतून शिवनेरीकडं बघत. एकदा वर्गातल्या एकानं म्हणता म्हणता एक शब्द बदलला आणि वर म्हणाला, "गुरुजी, अर्थ तोच आहे." गुरुजी छडी मारणाऱ्यांतले नव्हते. पण त्याला म्हणाले, "अर्थ तुझ्या घरी ठेव. शब्द ज्याचा आहे त्याचा त्याला दे." त्या दिवसापासून मी कवितेतला काना-मात्रासुद्धा हलू दिला नाही, आणि तुलाही हलू दिला नाही. रविवारी वसतिगृहाच्या खालच्या बूथवरून तू फोन करायचीस, मी म्हणायचो, म्हण बघू ती निर्झराची. तू म्हणायचीस. एकदा तिसऱ्या कडव्यापाशी गप्प झालीस. बराच वेळ गप्प. कवितेचा विसर पडला नव्हता तुला, मला ते तुझ्या गप्प बसण्यावरून कळलं, आणि दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पुण्याला आलो होतो. तुझ्या तापाचं तू कुणाला सांगितलं नव्हतंस. आज तेच बोलणं आदेशच्या खिशातून आलं असतं तर त्यानं मला सांगितलं असतं, ताईनं कविता म्हटली, बरी आहे.

आणि एकट्या आदेशला तरी किती बोलू? म्हाताऱ्या माणसाचं बोलणं सुधारायचा मक्ता सगळ्यांनीच घेतला आहे. डॉक्टरकडं गेलो की मी सांगतो छातीत कळ येते कधी ते, आणि सून मधेच सांगते, "काही न्हाई, गॅस हाय." बँकेत मी विचारतो एक, पोरगा काउंटरवर सांगतो दुसरं. सोसायटीच्या सभेत मी उभा राहिलो की कुणीतरी माझं बोलणं संपायच्या आत "आण्णांचं म्हणणं थोडक्यात असं" म्हणून सुरू करतो. अरे, थोडक्यात कुणी सांगितलं होतं तुला? माझं म्हणणं लांब आहे, कारण माझं आयुष्य लांब आहे. मला श्रवणयंत्र लागलं म्हणजे माझी जीभ गेली असं होत नाही.

आदेश वाईट नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर मीही कापणाऱ्यांतलाच ठरेन. दुपारी तो जेवायला आला नाही. नंतर येऊन एवढंच म्हणाला, "बाबा, ताई सही न्हाई म्हणली तर मी काय तिला वढून न्हेणार व्हतो व्हय?" मी म्हटलं, तेच तिला सांग, तुझ्या शब्दांत, आणि ती काय म्हणते ते मला तिच्या शब्दांत ऐकू दे. साडी कपाटातून काढून त्यानं ट्रंकेत ठेवली आहे, का ते मी विचारलं नाही.

हे पत्र मी सही थांबवायला लिहीत नाही. रहमतुल्ला काल पुन्हा आला, पाकीट न्यायला नव्हे, तर आदल्या दिवशी त्याच्याच्यानं सांगवलं नव्हतं ते सांगायला. तू त्याला म्हणालीस की सोमवारी सही करते, साडी तिथंच बाकड्यावर ठेवते, आणि यापुढं पिंपरीचा रस्ता धरत नाही. जमिनीचं तू ठरव, तेजू. पण मी न बोललेल्या वाक्यावर मला सोडून जाऊ नकोस. आदेशनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ओट्यावर बसून जे बोललो ते खाली लिहितो, काही गाळत नाही, काही सुधारत नाही, रहमतुल्लालाही वाचून दाखवलेलं नाही. मी म्हणालो होतो: "तिला विचार. जमीन चिमाबाईची आहे, कष्ट चिमाबाईचे आहेत, मी नोकरीवर होतो, मला त्यातलं काय कळतंय. विहिरीचा गाळ तिनं डोक्यावरून वाहिला तेव्हा तेजू पोटात होती, म्हणजे तू जन्मायच्या आधी ती त्या विहिरीत उतरून वर आली आहे. तिला नको असेल तर ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय. हवी असेल तर बांध मी उभा राहून घालून देतो. सही कर, असा निरोप माझ्या नावानं द्यायचा नाही. आणि ती कधी येणार आहे ते विचार, घर खायला उठतं. तो लवंगेचा डबा कुठं ठेवलाय रे, दाढ फार ठणकते आहे."

तुझाच,
बाबा